बॅसिलस नावाची खोगीरभरती

पोट बिघडल्यावर मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांच्या एका पाकिटावर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस’ असं छापलेलं असतं. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर ‘बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स’. २०२० नंतरचे शोधनिबंध उघडले तर तिथे ‘वाइझमानिया कोअ‍ॅग्युलन्स’ भेटतो, आणि २०२३ पासून ‘हेंड्रिक्सिया कोअ‍ॅग्युलन्स’. नावं चार, जिवाणू मात्र एकच. त्यातलं पहिलं नाव तर मुळातच चुकीचं होतं. लॅक्टोबॅसिलस बीजाणू, म्हणजे उपासमारीत तग धरणारं चिवट रूप (इंग्रजीत ‘स्पोर’), तयार करत नाहीत आणि हा करतो, ते ‘स्पोरोजेनिस’ या शब्दातच लिहिलेलं आहे. तरीही ते नाव पाकिटावरून जायला तयार नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना या नावांच्या गोंधळावर विद्यार्थी वैतागतात. ‘पाठ केलेलं दर दोन वर्षांनी बदलतं’ ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण बॅसिलसची गोष्ट सुरुवातीपासून ऐकली, तर हे बदल कुणाच्या लहरीवर झालेले नाहीत हे कळतं.

आधी दोन शब्दांचा निकाल लावू. जिवाणूचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, आडनाव आधी आणि नाव नंतर. ‘बॅसिलस सब्टिलिस’ यात बॅसिलस हे आडनाव, म्हणजे प्रजाती. सब्टिलिस हे नाव, म्हणजे जाती. एका प्रजातीत अनेक जाती असतात, जसे एका आडनावाचे अनेकजण. आणि आडनाव सारखं असलं म्हणजे रक्ताचं नातं असतंच असं नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. बॅसिलसचं घोडं नेमकं इथेच अडलं.

दुसरी अडचण अशी की हा शब्द दोन अर्थांनी चालतो. लॅटिनमध्ये बॅसिलस म्हणजे छोटी काठी. म्हणून कुठल्याही दंडाकार जिवाणूला डॉक्टर ‘बॅसिलस’ म्हणून मोकळे होतात. क्षयाचा जिवाणू ‘ट्यूबरकल बॅसिलस’ म्हणवतो, पण त्याची प्रजाती मायकोबॅक्टेरियम. इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं काढून हा फरक दाखवता येतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे आपल्याकडे गोंधळाला आणखी वाव. या लेखात बॅसिलस म्हणजे प्रजातीच. गंमत म्हणजे ‘बॅक्टेरियम’चाही मूळ ग्रीक अर्थ छोटी काठीच. सुरुवातीच्या निरीक्षकांना भिंगाखाली काय दिसत होतं, ते यावरून ताडता येईल.

१८३५ साली जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांनी एका बारीक, हलत्या काडीला ‘व्हिब्रिओ सब्टिलिस’ असं नाव दिलं. सब्टिलिस म्हणजे बारीक, नाजूक. १८७२ मध्ये ब्रेस्लाऊचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी जिवाणूंची आकारावरून मांडणी करायला घेतली, तेव्हा सरळ काड्यांसाठी त्यांनी बॅसिलस ही प्रजाती केली आणि सब्टिलिसला तिच्यात आणलं. त्याच वर्षी काळपुळीच्या जिवाणूलाही त्यांनी तिथेच बसवून ‘बॅसिलस अँथ्रासिस’ म्हटलं. अँथ्रॅक्स हा ग्रीक शब्द कोळशासाठी. त्वचेवरच्या काळ्या खपलीवरून आलेला. मराठीनेही त्याच खपलीकडे पाहून ‘काळपुळी’ म्हटलं.

कोन यांना आणखी एक गोष्ट छळत होती. वाळलेल्या गवताचा काढा उकळला तरी काही दिवसांत त्यात पुन्हा सब्टिलिस वाढलेला दिसायचा. उकळून मेलेलं परत जिवंत कसं होतं? १८७६ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. उपासमार झाली की ही काडी आपल्याच पोटात एक चिवट, चकचकीत बीजाणू तयार करते, आणि तो उकळत्या पाण्याला दाद देत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख नावाचा, आडगावातला एक तरुण सरकारी डॉक्टर ब्रेस्लाऊला कोन यांच्याकडे आला आणि त्याने काळपुळीच्या जिवाणूचं आख्खं जीवनचक्र त्यांना दाखवलं, बीजाणूंसकट. तो निबंध कोन यांच्याच नियतकालिकात छापून आला. म्हणजे बॅसिलसची खरी ओळख, बीजाणू, १८७६ सालीच हाती होती. पण नाव देण्याच्या घाईत तिच्याकडे लक्ष कोण देणार?

पुढची तीसचाळीस वर्षं निव्वळ खोगीरभरतीची. नवा रोग, नवी काडी, की लाव बॅसिलस. विषमज्वराचा जिवाणू बॅसिलस टायफोसस, प्लेगचा बॅसिलस पेस्टिस, धनुर्वाताचा बॅसिलस टेटानी, डबाबंद अन्नातून विषबाधा करणारा बॅसिलस बोट्युलिनस. आज यांतला एकही बॅसिलस नाही. ते अनुक्रमे साल्मोनेला, यर्सिनिया, क्लॉस्ट्रिडियम आणि पुन्हा क्लॉस्ट्रिडियम झाले. त्यांच्यात समान काय होतं? काडी. बस, एवढंच. पाण्यातला मासा आणि पाण्यातला देवमासा एका रांगेत बसवावा, तसा हा प्रकार.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी जिवाणूतज्ज्ञांच्या समितीने कात्री चालवली. बॅसिलस म्हणवायचं तर तीन अटी: दंडाकार असावा, बीजाणू करावा, आणि प्राणवायू असताना वाढावा. प्राणवायूचं वावडं असलेले बीजाणूवाले क्लॉस्ट्रिडियममध्ये गेले. ही व्याख्या सोपी होती, प्रयोगशाळेत तासाभरात तपासता येण्यासारखी होती, आणि म्हणूनच ती पाऊणशे वर्षं टिकली.

ती तपासणी कशी दिसते, ते सांगतो. काचपट्टीवर जुन्या वाढीतला कणभर लगदा पसरायचा, जुन्याच, कारण ताज्या वाढीला पोटभर खायला असतं आणि ती बीजाणू करत नाही. तो वाळवून, ज्योतीवरून फिरवून काचेला चिकटवायचा. वर मॅलाकाइट ग्रीनचा हिरवागार थर देऊन पट्टी पाच मिनिटं वाफेवर धरायची. रंग आटू लागला की थेंब थेंब वाढवत राहायचं. इथे आळस केला की सगळं काचेला करपतं. मग पाण्याने धुवायचं. साध्या पेशीतला हिरवा रंग पाण्याबरोबर वाहून जातो, बीजाणूत एकदा शिरलेला मात्र बाहेर येत नाही. शेवटी सॅफ्रानिनचा लाल हात. तेलाचा थेंब टाकून हजारपट भिंगाखाली पाहिलं, की गुलाबी काड्या आणि प्रत्येकीच्या पोटात एक हिरवा मणी. वीस-बावीस वर्षं हे दृश्य पाहतोय, अजून कंटाळा आलेला नाही.

आता त्या मण्याकडे नीट बघा. काही काड्यांत तो लांबट आणि मधोमध, काडी फुगवत नाही. काहींत लांबट असूनही काडीचं पोट फुगलेलं. काहींत चक्क गोल आणि अगदी टोकाला, काडीची ढोलाची टिपरी झालेली. अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या स्मिथ, गॉर्डन आणि क्लार्क यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत याच तीन आकारांवर बॅसिलसचे तीन गट पाडले, जगभरातून वाण मागवून एकेक तपासले, आणि शंभराच्या वर गेलेल्या ‘जातीं’मधल्या कितीतरी एकमेकींच्या नकला असल्याचं दाखवून यादी छाटली. रुथ गॉर्डन यांचं हे काम माझ्या मते आजच्या कुठल्याही जीनोम-प्रकल्पाइतकं मोलाचं आहे. संगणक नाही, जनुकक्रम नाही. नळ्या, भिंग आणि चिकाटी.

छाटणी करायची तर मूळ नमुना हाताशी हवा. प्रत्येक जातीचा एक ‘प्रमाण वाण’ जपून ठेवलेला असतो. शंका आली की त्याच्याशी ताडून पाहायचं, पूर्वी वजनकाट्याचं माप ताडायचे तसं. पण कोन यांचा मूळ सब्टिलिस कुणी जपलाच नव्हता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बॅसिलस सब्टिलिस’ या नावाने दोन वेगळे जिवाणू प्रयोगशाळांत फिरत होते, एक मारबुर्गचा आणि एक मिशिगनचा. दोन्ही पक्ष आपलाच खरा म्हणत. अखेर १९३६ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मारबुर्ग वाणाला मान्यता मिळाली. मिशिगनचा ‘सब्टिलिस’ म्हणजे प्रत्यक्षात बॅसिलस सेरिअस निघाला. त्या काळातला सब्टिलिसवरचा एखादा जुना निबंध हातात आला, तर नक्की कोणाबद्दल लिहिलंय हे आधी शोधावं लागतं.

१ जानेवारी १९८० रोजी तर सगळ्याच जिवाणूंच्या नावांची पाटी पुसली गेली. हजारो नावं साचली होती. त्यांतली सुमारे अडीच हजार ठेवून बाकीची रद्द ठरवली. नवं नाव त्यानंतर नियमानेच द्यायचं.

आणि मग जनुकं आली. प्रत्येक जिवाणूत प्रथिनं घडवणारं यंत्र असतं, रायबोसोम. त्यातल्या १६ एस नावाच्या आरएनएचं जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं असतं आणि ते फार हळू बदलतं. दोन जिवाणूंमध्ये ही अक्षरं जितकी वेगळी, तितकी त्यांची फारकत जुनी. १९९१ मध्ये अ‍ॅश, कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी बॅसिलसच्या ५१ जातींचं हे जनुक वाचलं. निघाल्या पाच वेगवेगळ्या शाखा, काही तर एकमेकींपासून खूपच दूर. बीजाणू ही फार जुनी कला आहे. ती अनेक घराण्यांत पणजोबांपासून चालत आली, त्यामुळे ‘बीजाणू करतो’ एवढ्यावरून जवळचं नातं ठरत नाही.

मग वाटणी सुरू झाली. पॉलिमिक्सा आणि मंडळी १९९३ मध्ये ‘पेनिबॅसिलस’ झाली. लॅटिनमध्ये ‘पेने’ म्हणजे ‘जवळजवळ’. जवळजवळ बॅसिलस! नाव देणाऱ्याच्या मिश्किलपणाला दाद द्यायला हवी. १९९६ मध्ये ब्रेव्हिबॅसिलस वेगळा झाला. वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह नीट तापला की नाही हे तपासायला ज्याचे बीजाणू वापरतात, तो उष्णताप्रेमी स्टिअरोथर्मोफिलस २००१ मध्ये ‘जिओबॅसिलस’मध्ये गेला. टिपरीच्या आकाराचा स्फेरिकस २००७ मध्ये ‘लायसिनिबॅसिलस’ झाला. तरीही नव्या जाती येत राहिल्या आणि २०२० पर्यंत बॅसिलसमध्ये अडीचशेच्या वर जाती साठल्या. पुन्हा खोगीरभरती.

२०२० मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या राधेश्याम गुप्ता यांच्या गटाने संपूर्ण जीनोम घेऊन निर्णायक वाटणी सुचवली, आधी सहा नव्या प्रजाती आणि त्याच वर्षी आणखी सतरा. त्यांची एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे. हस्तलिखित पोथीची नक्कल करताना एखाद्या लेखनिकाने चुकून दोन शब्द जास्त घातले, तर त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ते दोन शब्द येतात. दोनशे वर्षांनी तो पाठभेद पाहून कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे सांगता येतं. जनुकांतही तसंच. एखाद्या प्रथिनात कुठल्यातरी पूर्वजाने दोन-चार अमिनो आम्लं जास्त घातली किंवा गाळली, तर ती खूण सगळ्या वंशजांत राहते. अशा खुणा ज्या गटात सामाईक आणि बाहेर कुठेच नाहीत, तो गट एक घराणं.

या वाटणीत मेगाटेरियम ‘प्रिस्टिया’ झाला, ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फर्गस प्रीस्ट यांच्यावरून. आपला पाकिटावरचा कोअ‍ॅग्युलन्स ‘वाइझमानिया’ झाला आणि तीन वर्षांत ‘हेंड्रिक्सिया’मध्ये विलीन झाला. आणखी एक प्रोबायोटिक जिवाणू, बॅसिलस क्लाऊसी, आधी ‘अल्कलीहॅलोबॅसिलस’ झाला. पण तीही प्रजाती सरमिसळच निघाली. पुण्यातल्या संशोधकांनी लोणारच्या खाऱ्या, अल्कलीयुक्त सरोवरातून एक नवा जिवाणू मिळवला होता. त्याची जागा ठरवताना त्यांनी २०२१ मध्ये या सरमिसळीतून सात नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘शौचेला’, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्यावरून. म्हणजे आज जगात कुठेही क्लाऊसीची कुपी घेतली, तर जिवाणूचं शास्त्रीय नाव शौचेला क्लाऊसी. क्लाऊसी हे जर्मन शास्त्रज्ञ डीटर क्लाऊस यांच्यावरून, आणि त्यांनी हयात बॅसिलसच्या वर्गीकरणातच घालवलेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नावं कशी द्यायची याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण कुठलं वर्गीकरण मानायचं याची सक्ती कुणावर नाही. नियमाने छापलेलं जुनं नाव बाद होत नाही. कुणी आजही ‘बॅसिलस मेगाटेरियम’ लिहिलं तर ते चूक नाही. फक्त तो गुप्तांची वाटणी मानत नाही एवढंच त्याचा अर्थ. पाकिटावर जुनी नावं टिकतात त्यात निम्मा आळस असतो आणि निम्मी ही सवलत.

सगळी वाटणी झाल्यावर मूळ बॅसिलसमध्ये उरलं काय? दोन फांद्या: सब्टिलिसची आणि सेरिअसची. आणि खरं सांगायचं तर त्या दोघीही वंशवृक्षावर एकमेकींच्या शेजारी नाहीत. जनुकांचा हिशेब काटेकोर लावला असता, तर सेरिअसच्या फांदीलाही वेगळं आडनाव मिळायला हवं होतं. पण त्या फांदीवर काळपुळीचा जिवाणू बसलाय. त्याचं नाव बदलण्याचा धोका कुणालाच नको होता.

या फांदीत तीन बडी नावं आहेत. सेरिअस: मेणचट दिसणाऱ्या वसाहतींचा, मातीत सगळीकडे सापडणारा, शिळ्या अन्नातून उलट्या-जुलाब करणारा. थुरिंजिएन्सिस: बीजाणूच्या शेजारी प्रथिनाचा स्फटिक तयार करणारा. तो खाल्लेल्या अळीचं आतडं फाटतं. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांत दिसला, आणि १९१५ मध्ये बर्लिनर यांनी जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव दिलं. बीटी कापसातलं ‘बीटी’ ते हेच. आणि तिसरा अँथ्रासिस. एक पोट बिघडवतो, एक अळ्या मारतो, एक गुरं आणि माणसं. वाटतील तीन वेगळ्या दुनियेतले.

पण १६ एस जनुक वाचलं तर तिघांचं जवळजवळ तंतोतंत सारखं. संपूर्ण जीनोम ताडला तरी कित्येक सेरिअस वाण दुसऱ्या सेरिअसपेक्षा अँथ्रासिसला जवळचे निघतात. मग फरक आहे कुठे? बराचसा प्लास्मिडमध्ये. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी वर्तुळं असतात, तीच प्लास्मिडं. ती हरवतात, कधी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. थुरिंजिएन्सिसच्या स्फटिकाची जनुकं प्लास्मिडवर. अँथ्रासिसचं विष पीएक्सओ-१ या प्लास्मिडवर, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपवणारं कवच पीएक्सओ-२ वर. थुरिंजिएन्सिसने आपलं प्लास्मिड गमावलं तर त्याला सेरिअसपासून वेगळं ओळखायचं कशावरून? ओळखता येत नाही. मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात गुरांसाठी जी लस केली, तिच्यातल्या अँथ्रासिसपाशी पीएक्सओ-२ नाही, म्हणूनच तो निरुपद्रवी. पण त्याचं नाव अँथ्रासिसच.

उलटंही घडतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात न्यूमोनिया झालेल्या एका रुग्णात असा जिवाणू सापडला, जो सगळ्या चाचण्यांत सेरिअस होता, पण त्याच्याकडे पीएक्सओ-१ सारखं प्लास्मिड होतं आणि रोग थेट काळपुळीसारखा. आफ्रिकेतल्या ताई जंगलात काळपुळीसारख्या रोगाने मेलेल्या चिंपांझींमध्येही असाच, दोन्ही प्लास्मिडं बाळगणारा सेरिअस मिळाला. नुसत्या नावावर विसंबणाऱ्या डॉक्टरला असा अहवाल चकवू शकतो.

२००० साली हेल्गासन आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच लिहिलं की जनुकांच्या पुराव्यावर तिन्ही एकच जात आहेत. शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक काढणं अवघड होतं. मग तिघांना एक का केलं नाही? कारण नियम. दोन जाती एक ठरल्या, की आधी दिलेलं नाव टिकतं. सेरिअस हे नाव १८८७ चं, थुरिंजिएन्सिस १९१५ चं आणि अँथ्रासिस १८७२ चं. म्हणजे विलीनीकरण झालं असतं तर मातीतला साधा सेरिअस आणि पिकांवर फवारायचा थुरिंजिएन्सिस, सगळेच ‘बॅसिलस अँथ्रासिस’. कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालावर ते नाव आलं की धावपळ झाली असती, आणि खरी काळपुळी त्या गर्दीत हरवली असती. माणसाच्या जिवाला धोका होईल असं नाव नाकारण्याची तरतूद नियमांतच आहे. प्लेगच्या जिवाणूच्या बाबतीत १९८५ मध्ये ती वापरलीही गेली. जनुकांवरून तो एका सौम्य भाऊबंदाच्याच जातीचा ठरत होता, तरी वेगळं नाव कायम ठेवलं.

२०२० मध्ये कॅरोल, वीडमन आणि कोवाच यांनी तिसरा मार्ग सुचवला. जाती जीनोमवरूनच ठरवा. त्या आठ निघतात. आणि विष, उलटी, स्फटिक या प्लास्मिडवरच्या गोष्टी नावापुढे वेगळ्या बिरुदाने लिहा. म्हणजे घराणं एकीकडे आणि धंदा एकीकडे. हिशेब स्वच्छ आहे, पण त्यात काळपुळीचा जिवाणू ‘बॅसिलस मोझाइकस’ नावाच्या जातीची उपजात होतो. मला ही मांडणी पटते. तरीही दवाखान्यातून फोन आला, तर मी पलीकडच्या माणसाला अँथ्रासिसच सांगेन.